डावी पापणी

यंत्रमागांच्या खात्यात इतका आवाज असतो की माणूस गेल्याची बातमीही खुणेनंच सांगावी लागते. मुकादम बळीराम माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या मशीनी एकेक करून बंद केल्या. कारागीर समोर उभा असताना त्याची चालती मशीन दुसरं कुणी बंद करत नाही. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बाकीच्यांच्या मशीनी चालूच होत्या.

माझी बायको मंदा कामरेजला बहिणीकडं निघाली होती. वाटेत टेम्पो पलटला.

आम्ही नवागामला राहायचो. एक खोली, पुढं ओटा. आमची मुलगी प्रियांका पहिलीत होती. तिची डावी पापणी जन्मापासून खाली पडलेली, बुबुळ अर्धं झाकायची. समोरचं बघायला पोर हनुवटी वर करून चालायची. गल्लीतली पोरं ओरडायची, "ए राजकुमारी, नीचे देख, नाली है!"

अभ्यासाला बसली की मंदा तिला पुढ्यात घ्यायची, मागून हात आणून मधल्या बोटानं ती पापणी वर धरायची. मग पोरीची हनुवटी खाली यायची आणि ती सरळ वाचायची. मंदाचा हात अवघडायचा, पण ती तो काढायची नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. म्हणाले, झाकलेला डोळा हळूहळू बघायचं विसरतो. दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती. मंदा दसऱ्याआधी गेली.

दहाव्याला तापीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी मागं राहिलेल्यांनी गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो. मी म्हणालो, दुसरं लग्न करणार नाही. कावळा आला नाही. मेव्हणा म्हणाला, पोरीला काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. ऊन चढलं. गुरुजी चुळबुळ करू लागले.

मंदाची थोरली बहीण कलाबाई रडून रडून भिंतीला टेकली होती. ती उठून पुढं आली. पोरीच्या डोळ्याचं आम्ही बघू, असं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "मंदा, पोरना डोयाकडे तूच ध्यान ठेव वं माय."

कावळा लगेच उतरला.

"असं कुठं म्हणतात का?" मेव्हणा पुटपुटला.

"मंग काय म्हनू? माले सुचनंच नही," कलाबाई म्हणाली.

कलाबाई पोरीसाठी आमच्याकडंच राहिली. दिवाळी झाल्यावर मी प्रियांकाला दवाखान्यात नेलं. त्या सकाळी पापणी थोडी वर वाटत होती. मला वाटलं, नीट झोप झाली असेल. डॉक्टरांनी नेहमीसारखा तिच्या भुवईवर अंगठा दाबला. असं दाबलं की कपाळाची ओढ थांबते आणि पापणी पडते. आधीच्या खेपेला पडलीही होती. आता ती पडली नाही.

"बेटा, हाथ हटाओ," डॉक्टर म्हणाले.

प्रियांकाचे दोन्ही हात मांडीवर होते.

डॉक्टरांनी अंगठा काढला आणि कोटाला पुसला. पापणीच्या मधोमध कातडी पांढरी पडली होती, बोटाच्या टोकाएवढी. आपण कातडी दाबली की ती पडते, तशी.

"कभी कभी अपने आप ठीक हो जाता है," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता त्यांनी ऑपरेशन रद्द केलं.

त्या दिवशी कलाबाईनं गल्लीत पेढे वाटले. "आता म्हना राजकुमारी!" असं पोरांना दरडावलं. मीही एक पेढा खाल्ला. मंदा गेल्यापासून गोड तोंडात घातलं नव्हतं.

रविवारी दुपारी प्रियांका जमिनीवर झोपली होती. मी जवळ बसून शर्टाचं बटण लावत होतो. सहज तिच्याकडं पाहिलं. उजवा डोळा मिटलेला होता. डावा उघडा होता. पोर गाढ झोपेत होती, श्वास संथ चालला होता, आणि डावी पापणी वर धरल्यासारखी ताणलेली होती. खालच्या पापणीवर एक माशी बसली. डोळा लवला नाही.

मग तो लाल व्हायला लागला. सतत पाणी गळायचं. डॉक्टरांनी थेंब दिले, झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करायला सांगितली. मी पट्टी लावायचो. उठल्यावर ती डोळ्यावर नसायची. पहिल्यांदा वाटलं, झोपेत ओढून टाकली असेल. पण ती आरशाच्या कडेला सापडायची, मंदाच्या टिकल्यांच्या ओळीत, सरळ चिकटवलेली. कलाबाई म्हणाली, मी हात लावला नाही. पोरीचा हात तिथवर पुरत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर बुबुळावर पांढरा डाग पडेल, त्या डोळ्याची नजर जाईल. त्याची वरची आणि खालची पापणी टाके घालून एकत्र शिवावी लागेल.

घरी आल्यावर मी प्रियांकाला पुढ्यात घेतलं. बोटानं पापणी खाली ओढली. ती येईना. जोर लावला. माझ्या बोटाखाली काहीतरी होतं. ते ढकलत नव्हतं, नुसतं धरून होतं.

"पप्पा, ओढू नका ना," प्रियांका म्हणाली. "तिचं बोट दुखतं."

मी हात काढला.

कलाबाई दुसऱ्या दिवशी भाताचा गोळा घेऊन घाटावर गेली. उन्हं उतरेपर्यंत बसली. परत आली तेव्हा गोळा तसाच होता.

"मन्हं ऐकत नही ती," ती म्हणाली. "तुमीच सांगा तिले. तुमनं ऐकी. सोड म्हना."

मला मंदा दिसत नाही. तिचा आवाज ऐकू येत नाही. प्रियांका अभ्यासाला बसते तेव्हा भिंतीपासून थोडी पुढं सरकून बसते, मागं एका माणसाची जागा सोडून. मी समोर बसतो. त्या रिकाम्या जागेकडं बघून मी बरेचदा तोंड उघडलंय. एकदा सोड म्हटलं की घरातलं हे एवढंही जाईल.

डाव्या बुबुळाच्या कडेला आज एक पांढरा ठिपका दिसला. उद्या टाके घालायला न्यायचं आहे. मंदाला सोड म्हणायचं अजून झालेलं नाही.