पिठातला पंजा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. गेल्या एप्रिलात घडलं. आटपाडीजवळ, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात.

राजेश्वरी स्वयंपाकघरात पडून गेली. ओट्याचा कोपरा लागला, असं तिच्या नवऱ्यानं, नानासोनं सांगितलं. मी मलकापूरहून पोचले तेव्हा तिला बाहेरच्या सोप्यात आणलं होतं.

आत रक्त तसंच होतं.

"आक्का, माणसं यायला लागली," नानासो म्हणाला. "तेवढं पुसून घेता का?"

घेतलं. फिनेल टाकून. फुटक्या बांगड्याही गोळा करून टाकल्या. पुसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

तिची लेक प्रांजल साताऱ्यात फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाला. ती आली ती थेट स्मशानात. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली.

"मावशी, फरशी कुणी पुसली?"

"मी. का गं?"

"सरळ पडलेला थेंब गोल असतो. उडालेला लांबट. भिंतीवर होते का?"

"भिंतबी पुसली."

ती भिंतीजवळ जाऊन वाकून बघायला लागली.

"कशालाच हात लावायचा नसतो गं. पहिल्याच तासाला शिकवतात."

"माझी शाळा सातवीतच सुटली, बाळा."

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी विचारलं, पुरावा काय?

आमच्याकडं राख होती.

तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे ती गेली त्या जागी दिवा लावला. परातीत पीठ पसरलं, वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याचा जन्म मिळाला म्हणायचं.

प्रांजल डालग्याशेजारून हलली नाही.

"आई दाखवंल," एवढंच म्हणाली. "कुणाचा हात होता ते."

पहाटे डालग्याखालून आवाज आला…

ओलं फडकं फिरवल्यासारखा.

सर्र… सर्र…

उजाडल्यावर डालगं उचललं.

पिठात पंजा होता. राजीचाच. लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली करंगळी मी कुठंही ओळखीन.

आणि त्या पंजावरून… पुसल्याचा पट्टा. डावरं माणूस फिरवतं तसा.

त्या घरात डावरी मी एकटी.

आम्ही नानासोच्या हाताची वाट बघत होतो. उमटला माझा.

नानासोनं वाकून बघितलं. "माणसाचाच जन्म लागला तिला. लय बरं झालं."

प्रांजलनं शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला. शिकवल्याप्रमाणे.

फोटोत पट्टी आहे. पीठ सपाट आहे.

पीठ गाईला घातलं.

तेव्हापासून मलकापूरला घरी फरशी पुसली की एक जागा शेवटपर्यंत ओली राहते…

पंजाएवढी. करंगळी वाकडी.

दर रविवारी प्रांजलचा फोन येतो. "मावशी, आठव ना. पुसायच्या आधी तिथं काय काय होतं?"

मला फिनेलचा वास तेवढा आठवतो.

परवा दुपारी बेल वाजली. नानासो. दुसऱ्या लग्नाची पत्रिका घेऊन.

मी दाराकडं निघाले आणि थबकले.

कोरड्या फरशीवर पंजा. या वेळी पाण्याचा नव्हता…

लाल होता. ताजा.

"आक्का, हायसा न्हवं घरात?"

फडकं हातातच होतं.

मी दार उघडलं तेव्हा फरशी स्वच्छ होती.

प्रांजलला अजून सांगितलेलं नाही.