चुलीवर टांगलेलं पाकीट

माटाटू, खच्चून भरलेली मिनीबस, न्जाबिनी गावचा चढ चढत होती, तेव्हा शेजारी दाटीवाटीनं बसलेल्या माणसानं न्याकिओला विचारलं, "हे खोकं जरा तुमच्या पायाशी ठेवू का? माझ्या सीटखाली इंजिन तापलंय."

"काय आहे यात? कोंबडीची पिल्लं?"

"त्याहून नाजूक. जिवाणू आहेत."

न्याकिओनं पाय आखडून घेतले. तो हसला, आणि हसताना चक्क लाजला. काचेबाहेर धुकं, आत ओल्या लोकरीचा कुबट वास, त्यात कुणीतरी लाजतंय... तिला ते आवडलं. आवडायला नको होतं, पण आवडलं.

त्याचं नाव किरागू. न्जाबिनीच्या कोबी संस्थेनं त्याला एका हंगामापुरतं आणलं होतं. कुणाच्या तरी वावरात अर्धा कोबी नेहमीसारखा लावायचा, अर्ध्याला जिवाणू खत आणि चिमूट-चिमूट टाकणखार द्यायचा. फरक दिसला तर नोकरी पक्की. नाही दिसला तर रवानगी मकुएनीला, जिथे कोबी तर सोडाच, गवतसुद्धा नाइलाजानं उगवतं. न्याकिओनं आईला न विचारताच रस्त्याकडेचं वावर देऊन टाकलं.

लावणीला अजून आठवडा होता. किरागू खताचं पाकीट घरी ठेवून गेला. "गार जागी ठेवा," एवढंच सांगितलं त्यानं.

पण न्याकिओची आई वांगेची पडली जुन्या वळणाची. जे मोलाचं, ते चुलीवर, ही तिची रीत. बियाण्याचा मका तिथेच धुरात टांगलेला, कीड लागू नये म्हणून. पोरीनं एवढ्या जपून आणलेलं पाकीटही तिनं मक्याच्या शेजारीच टांगलं. न्याकिओ सबंध आठवडा पलीकडच्या वावरात बटाटे काढत होती. लावणीच्या सकाळी तिनं वर पाहिलं, तेव्हा पाकिटावर काजळी धरली होती. हात लावला तर ऊन लागलं.

उष्णतेनं हे मरतात, हे त्यानंच तिला माटाटूत सांगितलं होतं. आता खरं बोललं, तर खत बिघडवणारं वावर संस्था बाद करणार, त्याच्याकडे उरलेलं एकच पाकीट दुसऱ्या कुणाच्या वावरात जाणार, आणि पाकिटामागे तोही जाणार. न्याकिओनं पदराला पुसावं तसं कमरेला गुंडाळलेल्या लेसोला पाकीट पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

किरागूनं ते फोडलं, नाकाशी नेलं... क्षणभर थांबला. मग मुकाट्यानं पाण्यात कालवलं.

"मुळं बुडवा. हलक्या हातानं, तान्हं बाळ न्हाऊ घालतात तसं."

"तुम्ही किती बाळं न्हाऊ घातलीत?"

"एकही नाही."

"मग गप्प बसा आणि बादली धरा."

दर आठवड्याला तो यायचा. टाकणखाराचं पाणी द्यायचा, पानं उलटून पाहायचा, आणि मग ओट्यावर बसून उजीचा वाडगा असा हळूहळू प्यायचा, की वांगेची म्हणायची, "पोरा, ही पेज आहे, औषध नाही." गाथानो, म्हणजे ढगाळ थंडीचे महिने होते. सूर्य महिनामहिना तोंड दाखवत नव्हता. न्याकिओला मात्र त्या दिवसांत कधी थंडी वाजली नाही.

काढणीला संस्थेचे साहेब आले. दोन्हीकडचे गड्डे तागडीत पडले, आणि काटा जागचा हलला नाही.

"साहेब, एक कापून बघा," किरागू म्हणाला.

"बाजारात गड्डा वजनावर जातो. कापून कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला कोबीची पोती ट्रकमध्ये चढत होती. किरागू त्याच ट्रकनं निघाला होता. भुरभुर पाऊस होता. न्याकिओ त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला एक सांगायचंय... ते पाकीट..."

"चुलीवर होतं."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काजळी पुसलीत, वास कसा पुसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"वावर बदलावं लागलं असतं. तुमच्याकडची उजी सुटली असती."

"उजी?"

"सगळं वदवूनच घेणार का?"

"हो."

त्यानं ट्रककडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू सुटली असतीस."

"मीही त्याचसाठी गप्प बसले," न्याकिओ म्हणाली. "दोघंही सारखेच शहाणे." हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. "साहेबांना खरं सांगू या ना. अजून वेळ आहे."

"सकाळीच सांगून आलो. ते म्हणाले, मेलेलं खत टाकून फरक शोधणारा माणूस हवाय कुणाला?"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. किरागूनं कोटाच्या आतून शेवटचं पाकीट काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. तो येतो म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही. ट्रक वळणावर गेला, मग धुक्यात नुसता आवाज उरला, मग तोही गेला.

संध्याकाळी न्याकिओकडून पाकिटाची गोष्ट ऐकत वांगेचीनं रात्रीच्या जेवणासाठी दोन गड्डे घेतले, दोन्हीकडचा एकेक. पहिला चिरला. नेहमीच्या बाजूचा होता तो. देठ आतून पोकळ निघाला, कडेनं तपकिरी पडलेला. मग किरागूच्या बाजूचा चिरला. देठ पांढराशुभ्र आणि गच्च भरीव होता.

"खत मेलं, पण टाकणखार लागू पडला म्हणायचा," वांगेची म्हणाली. "साहेबाला नेऊन दाखव."

"साहेब कापलेला गड्डा बघत नाहीत. आणि ट्रक गेला, आई."

वांगेचीनं चिरलेला कोबी बाजूला सारला. मग चुलीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत म्हणाली, "आण ते पाकीट." तिनं ते स्वतःच्या हातानं पाण्याच्या पिंपामागे ठेवलं आणि वर ओलं पोतं टाकलं.

"किती दिवस जगतात गं हे?"

"पुढच्या लावणीपर्यंत. गार राहिले तर."

"आणि तोवर तो आलाच नाही तर?"

न्याकिओनं तांब्या घेतला आणि पोतं पुन्हा एकदा भिजवलं.