अक्रोडाचा दस्ता

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची एक चिंचोळी जागा होती. वॉशिंग मशीन, बांबूच्या काठ्या आणि कांद्याबटाट्यांची टोपली एवढंच तिथे मावायचं. १९९४ च्या फेब्रुवारीत प्रबोध रांगणेकरने मशीनवर एक जाड फळी टाकली, तिला शिकंजा ठोकला, तेव्हा त्याच्या बायकोने, मधुवंतीने, एकच अट घातली.

"भुसा कपड्यांवर उडता कामा नये."

"रविवारी करीन. रविवारी तू मशीन लावत नाहीस ना?"

अशी रविवारची सुरुवात झाली.

प्रबोध सोळा वर्षं बोटीवर काढून किनाऱ्याला लागलेला इंजिनिअर. आता जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत होता. वय सेहेचाळीस, उंची सहा फूट एक इंच, हात त्या मानानेही लांब. सिंगापूरला आल्यावर त्याला नेमबाजीचा नाद लागला होता. शहराच्या पश्चिमेला एका क्लबाचा तो सभासद होता. तिथे रायफल घरी न्यायची सोय नाही. ती क्लबाच्या शस्त्रागारात कुलपात राहते आणि नेम धरण्यापुरती हातात मिळते. क्लबाच्या सगळ्या रायफलींचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकायचा आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरायचा तो लाकडी भाग, बेतासबात उंचीच्या माणसांसाठी केलेले. प्रबोधला त्यात मान आखडून बसावं लागे. तीनशे मीटरवर ते खपून जाई. पण जूनमध्ये पलीकडे मलेशियात जोहोरला सहाशे मीटरची स्पर्धा व्हायची, आणि तिथे गाल केसभर हलला तर गोळी वीतभर सरकते. क्लबाच्या संघातली त्याची जागा लागोपाठ दोन वर्षं दोन-दोन गुणांनी हुकली होती. बेअरिंग बसवताना मिलिमीटरचा शंभरावा भाग सोडत नाही असा लौकिक असलेल्या माणसाला हे झोंबत होतं. दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून वरातीत मिरवावं तसं.

शस्त्रागार सांभाळणारा क्वेक म्हणून एक साठीचा चिनी गृहस्थ होता. त्याने एक दिवस मागच्या खोलीतून गोणपाटात गुंडाळलेलं लाकूड आणलं. काळपट अक्रोड. नळी बसायची खाच आतून सुबक कोरलेली, स्क्रूची भोकंसुद्धा पाडलेली. बाहेरून हाताने घोटलेलं, पण आकार मात्र अजून ओबडधोबड.

"घेऊन जा," क्वेक म्हणाला. "कोणीतरी अर्धवट सोडलंय. अकरा वर्षं झाली. आता येत नाही तो माणूस. असं लाकूड हल्ली मिळत नाही."

प्रबोधने ते घरी आणलं. व्हर्नियर, कानस, लहान रंधा, पॉलिशपेपर. मधुवंतीकडून त्याने स्वतःची मापं घेववली: कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून डोळ्यापर्यंत, गालाच्या हाडाची उंची. सगळं एका वहीत लिहिलं. सहा मार्चला त्याने गाल टेकायची जागा चार मिलिमीटर उतरवली. अक्रोडाच्या झिलप्या चॉकलेटी वेटोळी होऊन खाली पडत होत्या, आणि त्यांना हलका, कोमट वास होता. संध्याकाळी आरशासमोर त्याने दस्ता खांद्याला लावला. गाल बसला, डोळा रेषेत आला. तेरा तारखेला खांद्याकडची बाजू केली. तीही बसली.

शनिवारी क्लबात क्वेकने त्यात रायफल बसवून दिली, प्रबोध चटईवर पालथा पडला, आणि गाल वर आला.

त्याने मान वाकवली, खांदा सरकवला, पट्टा सैल केला. काही केल्या डोळा रेषेत येईना. वीस गोळ्या त्याने नुसत्या वाया घालवल्या.

"हवा दमट आहे," क्वेक म्हणाला. "इथे लाकूड पाणी पितं."

घरी येऊन त्याने व्हर्नियर लावला. चार मिलिमीटर उतरवलेल्या जागेपैकी अडीच मिलिमीटर परत आलं होतं.

लाकूड फुगतं हे प्रबोधला माहीत होतं. पण ते असं एकाच जागी, बरोबर जिथे तासलं तिथेच फुगत नाही. त्याने पुन्हा तासलं. कपाट रिकामं करून त्यात दस्ता ठेवला, ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या टाकल्या, दिवसभर बल्ब लावून ठेवला. रोज ऑफिसातून आल्यावर अळशीचं तेल तळहातावर घेऊन तो लाकडात जिरवायचा, तळवा तापेपर्यंत घासायचा. गालाची जागा तर त्याने स्वतःचा गाल घासून घासून घोटली होती. शनिवार आला की लाकूड पुन्हा भरलेलं. तो रविवारी काढी, ते आठवडाभरात भरून येई. पण पूर्ण नाही. दर खेपेला थोडं कमी.

"तुझी मापं चौथ्यांदा घेतेय मी," मधुवंती टेप गुंडाळत म्हणाली. "तू आहेस तेवढाच आहेस. लाकडाशी काय भांडतोस?"

"लाकूड ऐकत नाहीये."

"मग दुसरं आण."

त्याने कानस पुन्हा हातात घेतली. आठ आठवडे गेले होते. हातांना फोड आले होते, ऑफिसात लोकांवर खेकसणं वाढलं होतं, आणि दुसरं लाकूड मागवून परवानगीचे कागद होईपर्यंत जून उलटून गेला असता.

एप्रिलच्या शेवटी त्याने ठरवलं, ज्याने हे सुरू केलं त्याला विचारावं. लाकूड किती वर्षं वाळवलं होतं, कुठून आणलं होतं, एवढं कळलं तरी हिशेब लागेल. क्वेकने जुन्या रजिस्टरातून नाव काढून दिलं. व्हिक्टर ऑलिव्हेरो. सेरंगूनमध्ये घर. "डोळ्यात मोतीबिंदू झाला म्हणून सोडलं त्याने," क्वेक म्हणाला. "हट्टी माणूस. पण हात सोन्याचा."

म्हणजे माणूस हयात होता. प्रबोधने का कोण जाणे, ते गृहीत धरलं नव्हतं.

मेच्या पहिल्या शनिवारी दुपारी तो बसने गेला. बैठं घर, पुढे लोखंडी फाटक, कुंडीत कढीलिंब. मिसेस ऑलिव्हेरोंनी दार उघडलं. गोव्याकडच्या वाटाव्या अशा ठेंगण्या बाई, फुलाफुलांचा झगा, हातात घडी घातलेला टॉवेल.

"नवरा आजारी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण क्लबाचं नाव ऐकून त्याला बरं वाटेल. दोन मिनिटं बसा."

ऑलिव्हेरो खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते. सत्तरीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी चेहरा वळवला आणि प्रबोध उभ्याचा उभा राहिला.

डावा गाल म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, सुरकुतलेला, थोडा लोंबता. उजवा गाल नव्हताच म्हणायचा. हाडापासून जबड्यापर्यंत तो आत गेला होता. जखम नाही, व्रण नाही, खळगा नाही. एकसारखा, गुळगुळीत उतार.

सहा मिलिमीटर, प्रबोधच्या मनात आलं. नजर माप घ्यायला चुकत नव्हती.

"डॉक्टर म्हणतात, वय," मिसेस ऑलिव्हेरो म्हणाल्या. "वय काय एकाच बाजूला येतं? आधी गाल. मग खांदा. शर्ट काढला की बघवत नाही. दुखत नाही म्हणतो. आठवडाभर नीट खाल्लं की जरा भरून येतं, आणि मग रविवारी पुन्हा."

"रविवारी?"

"नेहमी रविवारी. आम्ही चर्चमधून येतो आणि दुपारी सुरू होतं. एप्रिलमध्ये एकच रविवार चुकला. सतरा तारखेचा. मला वाटलं, संपलं एकदाचं."

सतरा एप्रिलला एका जहाजाच्या पंपाचं काम निघालं होतं. प्रबोध दिवसभर गोदीत होता.

"तुम्ही कशासाठी आलात?" ऑलिव्हेरोंनी विचारलं. आवाज खणखणीत होता.

"लाकडाबद्दल," प्रबोध म्हणाला. "तुमचा अक्रोडाचा दस्ता. तो किती वाळवला होता..."

म्हातारा हसला. हसू एकाच बाजूला उमटलं. "अजून आहे तो? वर्षभर रोज संध्याकाळी हाताने घोटला मी तो. माझ्या मापाचा. मग दिसेनासं झालं. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, आता चष्म्याने दिसतं. कुठे आहे?"

"क्लबात," प्रबोध खोटं बोलला.

बसमध्ये त्याने वही उघडली आणि लगेच मिटली. तारखा त्याला पाठ होत्या. योगायोग म्हणायला एक संधी ठेवावी, असं त्याच्यातला इंजिनिअर म्हणत होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने कपाट उघडलं नाही. मधुवंतीने विचारलं, तर पाठ धरलीय म्हणाला.

बुधवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तो मागे गेला. दस्ता शिकंज्यात धरला. जिथे उजव्या हाताची मूठ बसते तिथे, खालच्या बाजूला, त्याने कानस एकदा फिरवली. एकदाच. चिमूटभर भुसा पडला. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी त्याने केलं.

संध्याकाळी ऑफिसातूनच फोन लावला.

"तुम्ही विचारलंत हे फार बरं वाटलं," मिसेस ऑलिव्हेरो म्हणाल्या. "रविवार छान गेला. पण आज बघा ना, बुधवार असून... मनगट. आतल्या बाजूला. सकाळी आठच्या सुमाराला. कप हातातून सुटला."

प्रबोधने फोन ठेवला. पुढची दहा मिनिटं तो हात धूत होता.

शनिवारी त्याने संघातून नाव काढून घेतलं. क्वेकने यादीतल्या नावावर पेनने रेघ ओढली. तिथून प्रबोध दस्ता गोणपाटात गुंडाळून सरळ सेरंगूनला गेला. मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा त्याने तो बसमध्ये धरला होता. वळणावर कुठे आपटू नये म्हणून.

ऑलिव्हेरोंनी गोणपाट सोडलं. मनगटाला पट्टी होती. लाकडावरून ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले. प्रबोध वाट पाहत होता, कसली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आरोपाची कदाचित. त्याने तोंड उघडलं.

"मी यावर काम केलंय. मला माहीत नव्हतं..."

"चांगलं केलंय," म्हातारा म्हणाला. "तेल कोणतं? अळशी? हाताने?"

"हो. दोन महिने."

ऑलिव्हेरोंनी दस्ता खांद्याला लावला. उजवा गाल टेकवायला गेले, आणि थांबले. पुन्हा लावला. मग खाली घेतला.

"हे माझं राहिलं नाही," ते म्हणाले. "तुमचं झालंय आता. मला सगळं नव्याने करावं लागेल."

"राहू द्या ना ते," प्रबोध घाईने म्हणाला. "नका करू. ठेवून द्या नुसतं."

"बघू," म्हातारा म्हणाला, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

त्या रात्री प्रबोध कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. मधुवंतीने मागची फळी काढून टाकली, बांबूच्या काठ्या पुन्हा मोकळ्या झाल्या. जूनमध्ये क्लबाचा संघ जोहोरला गेला आणि पाचवा आला. प्रबोधला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ऑफिसात तो आता कुणावर खेकसत नव्हता.

जूनच्या अखेरीला, एका रविवारी दुपारी, फोन वाजला. मधुवंतीने घेतला आणि त्याच्या हाती दिला.

"मिसेस ऑलिव्हेरो बोलतेय. तुम्हाला सांगायचंच होतं. व्हिक्टर ठणठणीत आहे. गाल, खांदा, सगळं भरून आलं. डॉक्टर तोंडात बोटं घालतायत."

"वा," प्रबोध म्हणाला. "फार छान."

"आज सकाळपासून व्हरांड्यात बसलाय. एवढ्या वर्षांनी हत्यारं बाहेर काढलीत. म्हणतो, लाकूड लोण्यासारखं कापलं जातंय, त्या गृहस्थांचे आभार मान."

त्यांच्या आवाजामागे रंधा चालत होता. एक लांब फटकारा. मग थांबा. मग पुन्हा एक.

"त्यांना म्हणावं..." प्रबोध म्हणाला, आणि पुढचे शब्द नीट फुटेनात.

"हॅलो? तुमचा आवाज लांबून येतोय."

त्याने रिसीव्हर उजव्या गालाशी घट्ट दाबून धरला. कान टेकला. गाल टेकला नाही. मध्ये बोटभर फट राहत होती.