सुईताईचा हिरवा दिवा

 आईच्या हातातल्या स्टीलच्या पेल्यावर तिच्या बांगड्या किणकिणू लागल्या. जैनीने वळून पाहिलं. भर दुपारी, उन्हाच्या काहिलीत आई थंडीने कुडकुडत होती. पोटात सहा महिन्यांचं बाळ आणि ओठ पांढरेफटक.

दारात सुईताई उभी होती. पाड्यापाड्यांवर फिरून ताप तपासणारं हे चार पायांचं यंत्र. तिने आईच्या बोटाला टोचलं, थेंब तपासला आणि कालच्यासारखाच हिरवा दिवा लावला.

"हिवताप नाही. गरोदरपणातला थकवा."

"थकवा म्हणे," आई पुटपुटली. "हिला कधी दिवस गेलेत?"

जैनीचं डोकं तापलं. "थकव्याने कुणी कुडकुडतं का? जंतू बोटात नसेल, दुसरीकडे दडला असेल तर?"

"दडू शकतो," सुईताई म्हणाली. "हिवतापाचा परजीवी (दुसऱ्याच्या जिवावर जगणारा सूक्ष्म जीव) रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरतो. गरोदर बाईच्या पोटात वार (आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव) असते. परजीवी शिरलेल्या पेशी तिथे चिकटून बसतात. मग बोटातल्या थेंबात त्या सापडतीलच असं नाही. इकडे आईचं रक्त कमी होतं, रक्तातली साखर उतरते. तिकडे बाळाची उपासमार."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. नेमून दिलेल्या तपासणीत नव्हतं. मला रस्त्याच्या कामावरच्या पुरुषांसाठी घडवलं. तीच तपासणी पुढे सरसकट लावली."

"आणि पोटुशी बाई कुणाच्या डोक्यातच आली नाही? बघतेस काय, पुन्हा तपास. साखरही बघ."

सुईताईने या वेळी दंडाच्या शिरेतून रक्त घेतलं आणि त्यात परजीवीच्या जनुकांचा (प्रत्येक जिवाच्या घडणीच्या खुणांचा) शोध घेतला. पुसटसा का होईना, माग लागला. साखर तर फारच उतरली होती. दिवा लाल झाला.

सुईताईने रुग्णवाहिका बोलावली. तोवर जैनीने आईला बसतं करून घोट घोट साखरपाणी पाजलं. आईची नजर हळूहळू स्थिरावली.

"बाळ हललं गं," ती म्हणाली.

"औषध वेळेत मिळेल," सुईताई म्हणाली. "ही तपासणी मी बाकीच्या यंत्रांनाही शिकवते आहे. यापुढे ताप आलेल्या पोटुशीला नुसत्या थेंबावर हिरवा दिवा दाखवणार नाही."

जैनीचा राग मात्र ओसरला नव्हता.

"आणि आजवर ज्या ज्या पोटुशींना हिरवा दिवा दाखवलास, त्यांची बाळं कुठे आहेत?"