माइकसमोर सूनबाई

फोन वाजला तेव्हा ती लेकीची वेणी घालत होती, म्हणून तिचा मोबाइल सासूबाईंनी उचलला. "कोण बोलतंय?" ही त्यांची नेहमीची खणखणीत सुरुवात झाली, मग आवाज उतरला, मग नुसतंच "हं... हं..." एवढंच ऐकू येत राहिलं. वेणीचे तीन पेड हातात तसेच राहिले. "आई, ओढू नकोस ना," लेक कुरकुरली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण केस घट्ट आवळून धरलेत.

सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवला. "बँकेचा माणूस होता. तुझ्या क्रेडिट कार्डाचं कर्ज थकलंय म्हणे. व्याजावर व्याज चढून डोंगर झालाय." मग पोरीकडे एक नजर टाकून त्या हळू, पण धारदार आवाजात म्हणाल्या, "कशावर उधळलेस गं एवढे, सूनबाई?"

तिने वेणी पूर्ण केली, रिबन बांधली, लेकीच्या पाठीवर थोपटून तिला शाळेत धाडलं. एक वाक्य पुरलं असतं! एका वाक्यात ती या आरोपातून सुटली असती... पण ते वाक्य तिने दोन वर्षं घशाशी अडवून धरलं होतं, आणि आजही तिने ते गिळलं.

गोष्ट साधी होती. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. सांधा बदलायचा तर पैसे आधी भरा, असं रुग्णालयाने सांगितलं. तिचा नवरा त्याच्या आधीच्या वर्षी गेला होता. जे होतं नव्हतं ते त्याच्या आजारपणात सरलं होतं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या धाकट्या दिराला तिने फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, आत्ता तुझ्या कार्डावर भर, मी महिन्याभरात फेडतो." तिने भरले. शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी दीर फुलं घेऊन आला, आणि नेमकं तेव्हाच नर्सने सहज सांगितलं, "आजी, बिल सगळं भरलंय हां, काळजी करू नका." भुलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या सासूबाईंनी धाकट्याचा हात घट्ट धरला. "माझ्या लेकाने केलं... माझा एक गेला, पण दुसऱ्याने मला उभं केलं." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दिराने वहिनीकडे पाहिलं. तो बोलणार होता, त्याचे ओठ हललेही होते; पण तिनेच मान खाली घातली. एक मुलगा गमावलेल्या आईच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी उमटलेली ती कृतार्थता... ती पुसायला कुणाचा हात धजावला असता?

नंतर सांगू, असं दोघांनीही ठरवलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. दिराचा धंदा बसला. आधी त्याचे पैसे येईनासे झाले, मग त्याचे फोन. ती मात्र दर महिन्याला बँक मागेल ती किमान रक्कम भरत राहिली, आणि भरलेलं सगळं व्याजाच्या पोटात गडप होत राहिलं. शेवटी तेही झेपेना. इकडे सासूबाई येईल त्याला खुब्यावर हात ठेवून सांगायच्या, "हा माझ्या धाकट्याने बसवून दिलाय." ती त्या वेळी पाहुण्यांना चहा देत असायची.

ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. त्यावर मेणात दात बसवून, घासून, चकाकी देऊन ती कवळ्या बनवायची. हात असा की तिने केलेली कवळी परत म्हणून येत नसे. प्रयोगशाळेचे मालक गमतीने म्हणत, "अख्ख्या गावाला बोलतं करते ही, आणि हिचंच तोंड शिवलेलं."

ते खोटं नव्हतं. चार लोक एकदम तिच्याकडे बघायला लागले की तिची दातखीळ बसायची. नवरा गेल्यावर त्याच्या कारखान्यातल्या लोकांनी शोकसभा घेतली होती, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत." ती माइकसमोर उभी राहिली. समोर सगळे ओळीने बसलेले, सगळ्यांचे डोळे तिच्यावर... आणि तिच्या तोंडून अवाक्षर फुटलं नाही. ती तशीच खाली बसली. त्या दिवसापासून सासूबाईंच्या मनात एक अढी बसली होती. माझ्या लेकासाठी हिच्याकडे दोन शब्दही नव्हते! आणि तिच्याकडे तर इतके होते, की कुठला आधी काढावा हेच तिला कळलं नव्हतं.

फोननंतर काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मग बँकेचा निरोप आला. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांनी सभागृहात होणाऱ्या तडजोडीच्या बैठकीला यावं, अधिकाऱ्यांपुढे स्वतः आपली बाजू मांडावी. स्वतः! म्हणजे पुन्हा चार लोकांसमोर.

आणि नवल असं, की धावून आल्या त्या सासूबाईच. उभा जन्म त्यांनी बाजारात कापडाच्या तुकड्यांचं दुकान चालवलं होतं. आवाज असा, की पुढे गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या गल्लीतून मागे वळावं. सुनेवरचा राग एका बाजूला. पण आपल्या घरातलं माणूस घासाघिशीत फसून यावं हे त्यांच्या रक्तालाच सोसण्यासारखं नव्हतं. "उधळलंस ते उधळलंस," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता निदान लुबाडून घेऊ नकोस. व्याज आणि दंड माफ करा, मुद्दल हप्त्याने देते, एवढंच म्हणायचं. एकदा म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग जो आधी बोलेल तो हरला. गप्प बसणं तर तुला येतंच की!"

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी सराव सुरू झाला. आजीचा चष्मा नाकावर चढवून लेक खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "मी बँक. पुढचे कोण? पैसे आणलेत का?" ती हसायची, आणि हसता हसता तिला वाक्य विसरायला व्हायचं. प्रयोगशाळेत तर तिने फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांनाच श्रोते केलं. ओळीने मांडलेले ते पांढरे जबडे, सगळे आ वासून ऐकतायत... ती त्यांच्याकडे बघून पुटपुटत होती, तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला, "काय म्हणतायत? पटलं का त्यांना?" ती लाजेने लाल झाली. मालक आपले गंभीरपणे म्हणाले, "जरा मोठ्याने बोला. मागच्या रांगेला ऐकू जात नाहीये."

बैठकीच्या दिवशी सासूबाई काठी घेऊन बरोबर निघाल्या. तिने नको नको म्हटलं. त्या ऐकायला तयार नव्हत्या. म्हातारं माणूस बघून कुणीतरी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

सभागृह गच्च भरलं होतं. समोरच्या लांब टेबलामागे तीन अधिकारी, त्यांच्यापुढे संगणक आणि एक छोटा माइक, आणि टेबलापासून चार पावलांवर तो उभा माइक. एक टॅक्सीवाला तावातावाने भांडून गेला. एक नवरा-बायको माइकसमोरच एकमेकांवर दोष ढकलत राहिले, लोक हसले. मग तिचा क्रमांक पुकारला गेला.

ती उभी राहिली. माइकपाशी गेली. मागे शंभर खुर्च्या असाव्यात. त्यांच्यावरची प्रत्येक नजर तिला पाठीवर टोचत होती. शोकसभेतला तो माइक आठवला, आणि क्षणभर वाटलं, संपलं... पुन्हा तेच! पण आजूबाजूला ते आ वासलेले जबडे आहेत असं तिने मनाशी धरलं आणि कसंबसं वाक्य ढकललं, "व्याज आणि दंड माफ करा... मुद्दल मी हप्त्याने देते."

आणि ती गप्प बसली. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने पेन टेबलावर वाजवलं. ती गप्पच. अखेर मधल्या चष्मेवाल्या अधिकारी बाईच बोलल्या, "बघू या. पण एवढी सूट आम्हाला मोठं आजारपण असेल किंवा नोकरी गेली असेल, तरच देता येते. खर्च कशासाठी केला होता तुम्ही?"

पहिल्या रांगेत सासूबाई मान उंच करून ऐकत होत्या. हाच प्रश्न त्यांनीही विचारला होता, आणि त्यांनाही उत्तर मिळालं नव्हतं.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर कर्ज निम्म्यावर आलं असतं, तिला रात्री झोप लागली असती, लेकीला नवे बूट आले असते. पण त्या बदल्यात? त्या म्हातारीकडे राहिलेला एकुलता एक अभिमान... तो या भरल्या सभेत तिच्याच सुनेने काढून घ्यायचा?

"घरखर्च," ती म्हणाली.

"नीट विचार करून सांगा. घरखर्च लिहिला तर व्याज भरावं लागेल."

"घरखर्चच लिहा."

अधिकारी बाईंनी संगणकाकडे वाकून पाहिलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्यापुढचा माइक चालू आहे हे मात्र त्या विसरल्या. "अहो पण बाई, ही तर सगळी रुग्णालयात भरलेली रक्कम दिसतेय. सोबत बिलही जोडलंय... खुब्याची शस्त्रक्रिया, दोन वर्षांपूर्वीची. हे कशाला लपवताय?"

पहिल्या रांगेत काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"तो तर माझा..." त्या म्हणाल्या. "तो तर... माझ्या धाकट्याने..."

 ज्या आवाजाने उभा बाजार दणाणायचा, तो आवाज आज पहिल्यांदा त्यांना सोडून गेला होता. एक हात खुब्यावर गेला होता आणि तिथेच थिजला होता. मागच्या रांगांतून कुजबूज उठली. "सासूचं बिल दिसतंय..." "आणि म्हातारीला पत्ताच नाही..." कुणीतरी नीट दिसावं म्हणून अर्धवट उठलं. सगळ्या नजरा, अगदी सगळ्या, त्या एकट्या उभ्या म्हाताऱ्या बाईवर येऊन पडल्या. त्या नजरांखाली माणसाचं काय होतं, हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने माइक दांड्यावरून ओढून हातात घेतला.

"इकडे बघा," ती म्हणाली. कुणी वळलं, कुणी वळलं नाही. "त्यांच्याकडे नाही... माझ्याकडे बघा सगळ्यांनी. कर्ज माझं आहे."

सगळे वळले. तिचा आवाज आता कापत नव्हता. "शस्त्रक्रिया माझ्या सासूबाईंची होती. पैसे मी भरले, आणि त्यांना कळू दिलं नाही, तेही मीच. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या माझ्या नवऱ्याच्या आई आहेत. तो असता तर त्याने भरले असते; तो नव्हता, म्हणून मी भरले, यात बघण्यासारखं काय आहे? मी कवळ्या बनवते. दर महिन्याला पगारातून भरत आलेय, ते सगळं तुमच्या व्याजात बुडालं. मुद्दलातली पै न पै मी फेडीन. पण व्याज माझ्याने होणार नाही, आणि जे झेपणार नाही ते कबूल करून मी आज इथून जाणार नाही." ती क्षणभर थांबली. "आणि त्यांना कुणीतरी बसायला सांगा. फार वेळ उभं राहिलं की त्यांचा पाय दुखतो."

दिराचं नाव तिने काढलं नाही. टॅक्सीवाला पुढे झाला आणि त्याने सासूबाईंना हाताला धरून अलगद बसवलं. कुजबूज थांबली होती. सभागृहाच्या भिंतींवरच्या कर्ण्यांतून आत्तापर्यंत जो आवाज येत होता तो आपलाच होता, हे तिला तेव्हा कुठे जाणवलं.

व्याज माफ झालं. दंडातला थोडा भाग राहिला, तो राहिलाच. मुद्दलाचे हप्ते तिच्या पगारात बसतील असे पाडून मिळाले. 

बाहेर बसथांब्यावरच्या बाकावर दोघी बसल्या.  तिलाच राहवेना. "आई, भाऊजींवर रागावू नका. ते सांगणारच होते, मीच..."

"त्याचं मी बघते. अर्धे हप्ते तो देईल, आणि ते कसे द्यायचे हे मी त्याला शिकवीन." मग त्या समोरच्या रस्त्याकडे बघू लागल्या. "मी त्याचा हात धरून रडले, तेव्हा तू पायाशी उभी होतीस ना गं?"

"हो."

"आणि मी तुला म्हटलं, उभी काय राहिलीस, त्याला चहा आण."

तिने मान खाली घातली.

"आणलास तू..." सासूबाईंचा आवाज फुटला. पदराने त्यांनी डोळे टिपले, पुन्हा टिपले, मग तो नाद सोडून दिला. सुनेचा हात त्यांनी मांडीवर घेतला. बोटांच्या पेरांना प्लास्टर लागून लागून पडलेल्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिल्या, जणू कापडाचा पोत पाहावा तशा. "मला आत नेलं तेव्हा बाहेर कोण होतं?"

"मी होते."

"एकटी?"

"हो. भाऊजी संध्याकाळी आले."

"मग इतका वेळ बाहेर एकटी काय करत होतीस तू?"

तिला हसू आलं आणि हुंदकाही. त्या दिवसाबद्दल आजवर कुणी तिला काही विचारलंच नव्हतं. बंद दार, दाराबाहेरचा तो दिवा, शेजारी बसलेली अनोळखी बाई, आणि आपण मनातल्या मनात नवऱ्याशी किती आणि काय काय बोलत बसलो होतो... "सांगण्यासारखं खूप आहे, आई," ती म्हणाली.

कोपऱ्यावरून बस वळली आणि थांब्याशी येऊन थांबली. दार उघडलं. ती त्यांना आधार द्यायला उठू लागली, तर सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि चालकाला हातानेच जा म्हणून खुणावलं.

"येईल दुसरी," त्या म्हणाल्या. "तू सांग."