कोणीही आत उतरू नये

मयुरीला पंचायत समितीत सगळे 'संडासवाली मॅडम' म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नऊ वर्षांत तिने सिंदेवाही तालुक्यातल्या इतक्या शौचटाक्या तपासल्या होत्या की झाकण पाहून ती घरमालकाचा स्वभाव सांगू शकली असती. केवळरामच्या टाकीचं झाकण कोपऱ्यात फुटलं होतं, गॅस बाहेर जायला पाइप नव्हता आणि सात वर्षांत टाकी एकदाही उपसलेली नव्हती. स्वभाव कळायला तेवढं पुरे होतं.

मार्चची सकाळ होती. अंगणात केवळरामच्या बायकोने, ताराबाईने, मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास परसापर्यंत येत होता. परसात येताच मात्र मयुरी थबकली. तिने उपसायची गाडी दहाची सांगितली होती. गाडीचा पत्ता नव्हता, आणि केवळराम लोखंडी सब्बल लावून झाकण सरकवून मोकळा झाला होता. अंगावर नुसती चड्डी, कमरेला नायलॉनचा दोर, शेजारी बादली.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"काई नाई, बाई. गाडी येईस्तोवर गाळ मोकळा करतो."

"आत कोणीच उतरायचं नाई. कागद देल्ला होता न तुमाले? आत गॅस असते."

केवळराम हसला. पन्नाशीचा ढिवर, गावतलावात बुडी मारून तळाच्या बुंध्यात अडकलेलं जाळं सोडवणारा. पंचक्रोशीत त्याच्याइतका दम कोणी धरत नसे. "ढिवराले दम शिकवून राह्यल्या का? दोन मिनिटं नाकातोंडात काई जाऊच देत नाई मी. तुमचा गॅस काय करन मले?"

हे मयुरीने याआधीही ऐकलं होतं, आणि दर वेळी ढिवरांच्याच तोंडून. पाण्यात दम सुटला तर माणूस वर येतो. टाकीत एकच श्वास घेतला की माणूस खाली बसतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. शेजारच्या तालुक्यात दोघं भाऊ असेच गेले होते. तिने पुन्हा सगळं समजावलं. गाडीच्या पाइपनेच उपसायचं, झाकण उघडून वारा खेळू द्यायचा, जवळ बिडी पेटवायची नाही. आणि घाण वास अचानक यायचा थांबला, तर खूश व्हायचं नाही, मागे सरायचं. गॅस आधी नाकच बधिर करतो.

"बरं बाप्पा," केवळराम म्हणाला. आपलं म्हणणं सोडलेलं नसलं की माणूस जसं म्हणतो, तसं.

तेवढ्यात मयुरीच्या लक्षात आलं, की घाण वास येत नाहीये.

तिने झटकन मोहफुलांच्या दिशेने तोंड वळवलं. तो वास येत होता. नाक शाबूत होतं. फक्त टाकीचा वास गेला होता, कोणी दार लावून घ्यावं तसा.

"मागे सरका," ती म्हणाली.

"बाबा," टाकीतून आवाज आला.

तरण्या पोराचा आवाज. दमलेला, पण घाबरलेला नाही.

"बाबा, हात दे न."

"अमर!" केवळराम ओरडला आणि झेपावला.

मयुरीच्या हाताला दोर लागला. तिने तो धरला आणि सरळ मातीत बसकण मारली. तळहात सोलले. ताराबाई धावत आली तशी तिने तिलाही दोर धरायला लावला. केवळरामचा एक पाय कडेच्या आत गेला होता.

"सोडा मले! पोरगा बुडून राह्यला माहा!"

"अमर कुठी हाये, ताराबाई? आत्ता कुठी हाये?"

"गडचांदूरले," ताराबाई म्हणाली. "गॅरेजात कामाले. दिवाळीनंतर आलाच नाई."

"फोन लावा. आधी फोन लावा!"

ताराबाईने एका हाताने दोर आवळून दुसऱ्या हाताने फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"बाबा, हात दे न."

घंटी वाजत राहिली.

"हॅलो? काय झालं व माय? जेवाले बसलो न."

केवळराम जागच्या जागी थिजला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, हात दे न," टाकी म्हणाली.

"कोण हाये तिथी?" फोनमधल्या अमरने विचारलं. "माह्यासारखंच बोलून राह्यलं कोणीतरी."

मग टाकी गप्प झाली. क्षणात घाण वास भपकन आला, आणि मयुरीला तो आयुष्यात पहिल्यांदा बरा वाटला.

केवळराम मातीत बसून लहान पोरासारखा रडला. ताराबाईने फोन कानाशी धरला, काय भाजी आहे, कोणी केली, पोटभर जेव, एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. अमरला काही समजेना. वांग्याची आहे, माय, वांग्याची, असं तो चारदा म्हणाला.

गाडी अकराला आली. ड्रायव्हर मुखरूने पाइप सोडून तासाभरात टाकी कोरडी केली. मयुरीने लांबूनच टॉर्च मारून पाहिलं. छातीएवढी खोली, चार भिंती, तळ. दुसरं काहीही नव्हतं. तिने समोर उभं राहून टाकीवर झाकणाची नवी फरशी बसवून घेतली, सांधे सिमेंटने भरून घेतले, गॅसचा पाइप छपराच्या वर नेला, त्याला जाळी बांधली. अहवालात लिहिलं, 'टाकी उपसली, झाकण बंद, पाइप बसवला.' बाकीच्यासाठी रकाना नव्हता.

निघताना केवळरामने तिच्यापुढे हात जोडले. "मेलो असतो, बाई."

"पण नाई न मेले," मयुरी म्हणाली. तिला अगदी मोकळं मोकळं वाटलं. रस्ताभर ती गुणगुणत होती.

चार वाजता सिंदेवाहीच्या टपरीवर चहा घेताना ताराबाईचा फोन आला.

"बाई, कुठी आहा तुमी?"

"सिंदेवाहीले. काऊन?"

"घाबरू नका. हे बसले आहेत माह्यापाशीच, कुठीच जात नाई. अमरनं बी फोन केल्ता." ताराबाईने आवाज बारीक केला. "मंग झाकणाखालून तुमी काऊन बोलून राह्यल्या?"

मयुरीने कप खाली ठेवला.

"सगळं तपासलं म्हणून राह्यल्या. आता उतरायले हरकत नाई, म्हणून राह्यल्या. किती येळचं."

"झाकणाले हात लावू नका."

"नाई लावत. पर हे म्हणतेत, एकडाव इचारून घे. बाई, ते तुमी नाई न?"

"नाई," मयुरी म्हणाली.

फोनमधून, फरशीच्या खालून, त्याच क्षणी तिच्याच आवाजात उत्तर आलं, "नाई."