शनीच्या चंद्राला मिशा

"फीबी कुठे गेला?" उत्तरा हॉलच्या दारातच थबकली.

अंधेरीच्या त्या सोसायटीत १९८१च्या दिवाळीच्या सुट्टीतलं मुलांचं विज्ञान प्रदर्शन होतं. संध्याकाळी पाहुण्या बाई ते बघायला येणार, आणि उत्तरानं केलेल्या शनीभोवतीची सर्वांत लांबची, फीबी या चंद्राची तार रिकामी!

"ते काळं मडकं?" सेक्रेटरी श्यामकांतकाका म्हणाले. "झाडणाऱ्या गुणाजीनं टाकलं असेल. सणासुदीला काळं कशाला? पांढरा चेंडू टांग."

"काका, यंदा गणपतीच्या दिवसांत व्हॉयेजर यानानं फीबीचे फोटो घेतले. तो काळाकुट्टच आहे. पांढरा टांगला तर ते खोटं होईल."

"कोण बघायला गेलंय?"

यान गेलं होतं ना एवढं लांब! पण सांगायचं कुणाला? काका केव्हाच पाठ फिरवून गेले होते.

"गुणाजीमामा असं करणार नाहीत," तिची मैत्रीण कुंदा फणकारली.

तेवढ्यात त्यांचा मित्र नंदकुमार धापा टाकत आला. "काकांच्या नव्या गॅलरीकडे बघा, यार."

परांचीच्या बांबूला काळं मडकं लटकत होतं. घराला दृष्ट लागू नये म्हणून त्यावर चुन्यानं डोळे, दात आणि झुपकेदार मिशा काढल्या होत्या. वाऱ्यानं मडकं फिरलं नि मागचे दोन फिकट डाग दिसले.

"माझेच डाग!" उत्तरा म्हणाली. "फोटोतले असले डाग पाहूनच फीबीची गिरकी मोजली. चला, मागू या."

"मागून देतील? तोंडावर खोटं बोललेत ते," कुंदा म्हणाली आणि गॅलरीखाली जाऊन मोठ्यानं विचारू लागली, "काय रे नंद्या, तडा गेलेलं मडकं चालतं का दृष्टीला?"

"छे गं. त्यानं दृष्ट उलटी घरात शिरते म्हणे."

काका लगबगीनं स्टुलावर चढले. मडकं उतरवून तडा शोधत खाली आले.

"द्या, मी बघते," म्हणत उत्तरानं ते घेतलं आणि ओल्या फडक्यानं मिशा पुसल्या. चुना गेला. तेलरंगाचे डाग राहिले.

काकांच्या मागे त्यांच्या पत्नी जानकीकाकू उभ्या होत्या. कुंदानं त्यांना सगळं सांगून टाकलं. "पोरीची वस्तू उचललीत, आणि नाव त्या गुणाजीचं घेतलंत? जा, आधी त्याची माफी मागा."

काका गेले.

संध्याकाळी पाहुण्या बाई फीबीपाशीच रेंगाळल्या. "हा एवढा काळा का, ते सांगणारी पहिलीच भेटलीस. शाबास. आहे तसा मांडलास."

"ऐकलंत?" काकू काकांना म्हणाल्या. "चंद्र काळा म्हणून नाक मुरडलंत. घर राखायला मात्र काळंच लागलं!"